उतरायची खोली

१

आमच्याकडे आलेल्या माणसाला आम्ही आधी चपला काढायला लावतो, मग खिशातल्या वस्तू टोपलीत ठेवायला लावतो आणि खुर्चीत बसवून त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवतो. चष्मा म्हणजे तो जाडजूड, डोक्यामागून पट्टा आवळायचा. एकदा तो चढला की माणूस निघाला. कुणी समुद्रावर, कुणी बर्फात, कुणी जुन्या शहराच्या दगडी गल्ल्यांतून. खुर्ची जागची हलत नाही, पण बसलेल्याची पावलं मात्र चढ आला की आपोआप उचलली जातात. हे बघायला मला फार गंमत वाटायची.

आमचं पर्यटन केंद्र इस्पितळाला लागूनच आहे. ज्यांना खरा प्रवास झेपत नाही ते इथे येतात. गुडघे गेलेले, छातीचं दुखणं असलेले, आणि शरीर धडधाकट असून मन उंबरा ओलांडायला तयार नाही असे. या शेवटच्यांना मनाच्या डॉक्टरीणबाई पाठवतात. आठवड्यातून दोनदा समुद्र बघा, झोप लागेल, म्हणतात. आणि झोप लागते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

माझं काम सोबतीचं. प्रवासी चष्म्यात असेपर्यंत त्याचं मनगट धरून शेजारी बसायचं. यंत्रापाशी दुसरी एक जण असते. तिला सगळे मॅडम म्हणतात, कारण ती स्वतः कुणालाच मॅडम म्हणत नाही.

सुरुवातीला आमचे हाल होते. समुद्रावरून माणसाला थेट खोलीत आणलं की त्याला भोवळ यायची, निम्मे लोक ओकायचे, आणि पुसायला मी. शेवटी मीच डोकं लढवलं. खोलीचे चारी बाजूंनी फोटो काढले, टेप लावून मापं घेतली आणि संगणकावर तश्शीच खोली उभी केली. तीच खिडकी, तोच पडदा, पडद्याला मी घातलेला टाका, चौकटीवरची चीरसुद्धा. प्रवास संपला की माणूस आधी या खोट्या खोलीत येतो. मग आम्ही म्हणतो, "आलो. खोलीत आलो. आता डोळे मिटा." चष्मा काढायचा, आणि म्हणायचं, "उघडा." समोर पुन्हा तीच खोली. भोवळ नाही, उलटी नाही. तिला आम्ही उतरायची खोली म्हणू लागलो. डॉक्टरीणबाईंनी चारचौघांत कौतुक केलं तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

मागची भिंत मात्र मी उरकली होती, हे सांगून टाकते. बाक ठेवला, त्याच्या शेजारी दार ठेवलं, पण दार म्हणजे नुसतं चित्र. उघडत नाही, त्याला पलीकडे काही नाही. खुर्चीचं तोंड खिडकीकडे असतं. पाठीमागे कोण बघतं?

आणि एवढं सगळं करून मी स्वतः एकदाही चष्मा घातलेला नव्हता. मला बसच्या पहिल्या वळणावर पिशवी लागते. हा तर डोळ्यांवरच बसवलेला घाट.

२

सिस्टर म्हणजे आमच्या जुन्या प्रवासी. नोकरीभर इस्पितळात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या आणि लगोलग त्यांचा मुलगा गेला. पहिल्यांदा आल्या तेव्हा मनगट धरलं तर हाडच हाताला लागलं होतं. दोन महिन्यांत गालावर मांस आलं. आम्हा दोघींना त्यांचं फार कौतुक.

त्या दिवशी त्या बर्फातून उतरायच्या खोलीत आल्या. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मान थोडी वळवली आणि अगदी वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, "आधी त्या मागच्या मंडळींना उतरवा ना. कधीची ताटकळलीत बिचारी."

मी मागे बघितलं. बाकावर त्यांची पर्स होती, आणखी काही नाही.

"कुठली मंडळी हो सिस्टर?"

"बाकावरची. उभी आहेत ती पण."

मॅडमने भुवया उडवल्या. मी चष्मा काढला, "उघडा" म्हटलं. सिस्टरनी डोळे उघडले, पडद्याकडे बघून हसल्या आणि पायाने चपला शोधू लागल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कुठली मंडळी? मी काही बोलले का?"

"तुझ्या खोलीत भाडेकरू आलेत," मॅडम मला म्हणाली. आम्ही दिवसभर त्यावर हसलो. मी रीतसर संगणकावर ती खोली उघडून मागची भिंत बघितली. बाक रिकामा होता. त्या वयात असे भास होणारच, असं मी मनाशी म्हटलं आणि डबा उघडला.

३

बाबांना केंद्रात आणायचं मीच ठरवलं. नवरा नको म्हणत होता. तो शाळेत गणित शिकवतो, त्याला कुठल्याच गोष्टीची घाई नसते. "त्यांना रडू दे की," म्हणाला. "बायको गेली आहे त्यांची. थोडा वेळ दे."

"वेळ दिला ना. वेळ खाऊन जगतात का ते?" मी ताडकन म्हणाले. वर ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दलही झापून घेतलं, तोंड उघडलंच आहे तर.

खरं म्हणजे मला बघवत नव्हतं. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे होते. ताटावर बसायचे आणि उठायचे. न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे आणि रडायचे. आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून नळ. बाहेर येऊन वर माझ्याशीच भांडायचे. आईच्या चष्म्याचं घर त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं, झोपतानासुद्धा.

बाबांनी जन्मभर फरश्या बसवल्या. कुठल्याही खोलीत गेले की आधी वाकून बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघायची, मग भिंत. खाली माल नीट भरला असला की आवाज भरीव येतो, नसला की पोकळ. माझ्या लग्नात वऱ्हाडी जेवत होते आणि हा मनुष्य मांडवाबाहेर सभागृहाच्या पायऱ्या वाजवत होता. आई म्हणायची, "माझ्या कपाळावर एकदा वाजवून बघा, काय निघतंय."

केंद्रात आल्या आल्या त्यांनी तेच केलं. ठक, ठक, ठक, आणि दारापाशी टक.

"ही पोकळ आहे. कुणी बसवली?"

"मला काय माहीत बाबा? बसा तुम्ही."

"काय वकीलीणबाई, अशिलालाच दम?" ते मला लहानपणापासून वकीलीणबाई म्हणत. मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचे म्हणून. आई गेल्यानंतर ती हाक मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या जिवात जीव आला.

टोपलीत सगळं ठेवलं त्यांनी, चष्म्याचं घर सोडून. "हे टोपलीत जाणार नाही." मी नियमाकडे कानाडोळा केला. त्यांना समुद्रावर पाठवलं आणि त्यांचं मनगट धरून बसले. मधेच त्यांच्या चष्म्याखालून पाणी ओघळून ओठापर्यंत आलं. उतरायच्या खोलीत आले तेव्हा ओठ कोरडे होते. मी "उघडा" म्हटल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "छान आहे."

त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले.

४

काही आठवड्यांत बाबा बदलले. झोपू लागले, वेळेवर उठू लागले, सकाळी फिरायला जाऊ लागले. डॉक्टरीणबाई खूश, शेजारी खूश. मी तर सगळ्यांना सांगत सुटले होते.

मग एके दिवशी जेवताना नवरा मला हळूच म्हणाला, "तुझ्या लक्षात आलं का? ते भांडत नाहीत."

"तुला काय सुख बोचतंय?"

पण तो बोलला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. बाबा खरंच भांडत नव्हते. चहा गार मिळाला तर गार पीत होते. मला वकीलीणबाई म्हणत नव्हते. नावाने हाक मारत होते, आणि माझं नाव त्यांच्या तोंडून इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं. शेजाऱ्यांनी घरभर नवीन फरशी घातली, कौतुकाने आम्हाला बोलावलं. बाबा आत गेले, खुर्चीत बसले. वाकले नाहीत. मी वाट बघत होते. मग मीच वाकून एक फरशी वाजवली आणि त्यांच्याकडे बघितलं. ते मंद हसले, लहान मुलाच्या खेळाकडे बघून हसावं तसे.

त्याच आठवड्यात ते चष्म्याचं घर टोपलीत ठेवून निघून गेले. मला ते संध्याकाळी टोपली रिकामी करताना सापडलं. घरी धावतच आले.

"बाबा, हे विसरलात."

त्यांनी हातात घेतलं, उघडलं, आतला चष्मा बघितला, बंद केलं आणि मला परत दिलं. "ठेव कुठेतरी. कुणाला लागतोय आता?"

आवाजात काही नव्हतं. दुःख दाबलेलं मला कळतं. मी त्यांची मुलगी आहे. दाबलेलं काही नव्हतंच.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्याच पाठीवर हात ठेवला. "यालाच सावरणं म्हणतात. तुम्हाला ते रडलेले हवे आहेत का?" वकीलीणबाईंची दातखीळ बसली. घरी जाताना वाटभर मला स्वतःचाच राग येत होता. माणूस चार घास सुखाने खातोय आणि मी त्याच्या डोळ्यांत पाणी शोधतेय.

५

भर दुपारी, एका निवृत्त मुख्याध्यापकांचं मनगट धरून मी बसले होते. पट्टा सैल झाला म्हणून वाकून आवळला, तेव्हा माझा कान त्यांच्या कानाला लागला. चष्म्याच्या कानपट्टीतून बारीक आवाज झिरपतो. ते नुकतेच उतरायच्या खोलीत आले होते. तिथला आवाज मीच भरलेला आहे, सुट्टीच्या दिवशी रिकाम्या खोलीत बसून. पंखा, लांबची एखादी गाडी, एवढंच.

पंखा ऐकू आला. मग ठक.

थोडं थांबून पुन्हा ठक. मग थोडं बाजूला, ठक. बोटाचं पेर. एक जागा सोडून पुढची, ती सोडून त्याच्या पुढची. हा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे.

"आलो," मी म्हटलं. "खोलीत आलो."

मुख्याध्यापक डोळे न मिटता म्हणाले, "कुणीतरी दार वाजवतंय. उघडा की."

त्यांना उतरवून पाठवून दिलं आणि मी संगणकापाशी बसले. भरलेला आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पंखा, गाडी, पंखा. दुसरं काही नाही. यंत्राची खरखर असेल. शेजारी इस्पितळात काहीतरी ठोकत असतील. मी गच्चीपर्यंत जाऊन बघून आले, कुणी काही ठोकत नव्हतं. परत आले तर मॅडम चष्मा कानाला लावून उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"फक्त यातूनच येतोय," ती म्हणाली.

घरी फोन लावला. बाबांनी उचलला. "मी मजेत आहे," म्हणाले. मी काही विचारायच्या आधीच.

६

"ओकायचं असेल तर आधी सांग," मॅडम म्हणाली. "पुसायला मी नाही." पण तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं, एवढं घट्ट आम्ही कुणाचं धरत नाही.

जेवणाची सुट्टी होती, बाहेर लख्ख ऊन. मी दार आतून लावून घेतलं, खिडकी उघडी ठेवली, मुद्दाम. उतरायच्या खोलीत सरळ जाता येत नाही, आधी कुठेतरी जावं लागतं. मी सगळ्यात छोटा समुद्र घेतला. पहिल्याच लाटेला पोट ढवळलं. वाळू, पाणी, आभाळ, मला काही बघायचं नव्हतं. लोक याला सुख म्हणतात, म्हणोत बापडे. मी दात आवळून बसले.

मग लाटांचा आवाज थांबला आणि पंखा सुरू झाला.

समोर माझी खिडकी. माझा पडदा, त्याला माझा टाका. खोली मी फार छान केली होती, खोटं कशाला बोलू. क्षणभर वाटलं, चष्मा उतरलाच आहे. फक्त खिडकीतून वारा येत नव्हता.

मागे ठक झालं.

मी वळले. खुर्चीत बसून पुरती पाठीमागे वळलेली बहुधा मी पहिलीच.

बाकावर माणसं बसली होती. खांद्याला खांदा लावून, इतकी दाटीने की बाक दिसत नव्हता. उरलेली भिंतीला टेकून उभी होती, कडेला, कोपऱ्यात, एकमेकांच्या मागे. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे. म्हणजे माझ्याकडे. सिस्टर होत्या, पहिल्या दिवशीच्या, गाल बसलेल्या. तोंडावर पदर घट्ट दाबून धरला होता आणि खांदे हलत होते. आवाज कुणाचाच येत नव्हता. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत माणसं बसतात, तशी बसली होती.

आणि दारापाशी गुडघ्यांवर बाबा.

ते दार वाजवत होते. खालून वर, एकेक वीत सोडून, पेराने, कान लावून. खिशात चष्म्याचं घर होतं. ते घर मी माझ्या कपाटात ठेवून आले होते.

"बाबा."

त्यांनी वळून बघितलं. डोळे लाल झाले होते, हनुवटी थरथरत होती. हे माझे बाबा होते. घरी जे चहा पीत बसले होते ते कोण, मला ठाऊक नाही. हे माझे होते.

"वकीलीणबाई," ते म्हणाले, "हे दार कुणी बसवलं गं? सगळं वाजवून झालं. कुठेच पोकळ नाही."

मी दाराकडे बघितलं. मीच बसवलं बाबा. उरकून टाकलं.

मी उठले. कशी उठले माहीत नाही, चार पावलं चालले आणि त्यांचा हात धरला. पेरं सोलली होती. "चला घरी," मी म्हटलं. "चला, मी आलेय ना."

"घरी?" त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "मग घरी माझ्या पाटावर कोण जेवतंय?"

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या मनगटावर मॅडमची पकड आवळली आणि कुठून तरी तिचा आवाज आला. "आलो. खोलीत आलो. आता डोळे मिट."

"थांब!" मी ओरडले. "काढू नकोस! मॅडम, काढू नकोस, मी त्यांना घेऊन—"

बाबांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला. सुटू नये म्हणून मीही घट्ट धरला.

७

"उघड," मॅडम म्हणाली.

मी डोळे उघडले. खिडकी, पडदा, टाका. वारा येत होता.

"काय दिसलं? बोल ना. बाबा होते का?"

मी जरा विचार केला. "हो, होते," म्हटलं. "बरेच जण होते."

"मग?"

"मग काही नाही. छान आहे."

मॅडम माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तू खुर्चीतून उठली नाहीस, पण ओरडलीस मात्र अशी की मी घाबरून चष्मा काढला. म्हणाली, मला माफ कर. मी म्हटलं, त्यात काय एवढं. पोट अजिबात ढवळत नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी चपला घातल्या आणि डबा खाल्ला.

८

हे सगळं नवऱ्याने लिहायला सांगितलं. जसं घडलं तसं लिही, तुझ्या पद्धतीने लिही, म्हणाला. मी कशी बोलायचे ते मला नीट आठवतं, तसं लिहिलं आहे. जिथे राग आला होता तिथे राग आला असं लिहिलं, जिथे रडले होते तिथे रडले असं. काही विसरलेले नाही.

घरी सगळं सुरळीत आहे. बाबा आणि मी संध्याकाळी गॅलरीत बसतो. वाद होत नाहीत. नवरा रोज सकाळी ओला टॉवेल पलंगावर टाकतो आणि दारात उभा राहून माझ्याकडे बघतो. मी टॉवेल उचलून वाळत घालते. काल त्याने टॉवेल चादरीवर चांगला पसरून ठेवला होता. मी चादरही बदलली. मग तो न्हाणीघरात गेला. नळ बराच वेळ चालू होता.

मॅडम आता चष्म्याला हात लावताना रुमाल धरते. परवा मुख्याध्यापक उतरायच्या खोलीत आले आणि डोळे न मिटता म्हणाले, "त्या बाईला कुणीतरी गप्प करा हो. केवढी ओरडते."

मॅडमनेच विचारलं, "कुठली बाई?"

"ती दारापाशीची. एका म्हाताऱ्याचा हात धरून उभी आहे आणि आल्या-गेल्याशी भांडते. चष्मा काढू नका, काढू नका, म्हणते. दाराला लाथा घालते."

मॅडमला रडू फुटलं. मुख्याध्यापकांना मीच उतरवलं. डोळे उघडल्यावर त्यांनी मला ओळखलं, हसून नमस्कार केला आणि म्हणाले की त्यांना हल्ली फार छान झोप लागते.

केंद्राला नवा रंग लागला आहे, पडदेही नवे आहेत. त्यामुळे उतरायची खोली पुन्हा करावी लागली, नाहीतर लोकांना भोवळ येईल. मापं तीच होती, काम लवकर झालं. जुनी आता काढून टाकायची आहे. मॅडमने ही गोष्ट, मुख्याध्यापकांचं बोलणंही धरून, नवऱ्याच्या कानावर घातली. काल तो शाळेतून तडक केंद्रात आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पायाशी बसला. जुनी खोली पुसू नकोस, म्हणाला. पुसायचीच असेल तर निदान आधी तिचं दार उघडणारं कर. तुला येतं ना करता?

येतं. अर्ध्या दिवसाचंही काम नाही. मी त्यावर नीट विचार केला, कारण तो चांगला माणूस आहे आणि त्याला वाईट वाटत होतं. पण करायचं काही कारण सापडलं नाही. नव्या खोलीतही दार चित्राचंच ठेवलं आहे. खुर्चीचं तोंड खिडकीकडे असतं. पाठीमागे कोण बघतं?

जुनी उद्या सकाळी पुसेन, चहा झाल्यावर.